गावाला कोणी विचारले?

नेवासा फाट्यावर चार दिशांची वाहतूक एकत्र येते. एक रस्ता अहिल्यानगरकडे जातो, दुसरा गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगरकडे. एक नेवासे गावातून श्रीरामपूरला, तर एक भेंडे-कुकाण्यावरून शेवगावला. घोडेगावच्या बाजारातून निघालेले कांद्याचे ट्रक, शनिशिंगणापूरच्या भाविकांच्या गाड्या, एसटी, दुधाचे टँकर यांच्या मधूनच भंगाराचे ट्रक जातात. मागे जुने पत्रे, पिळलेल्या सळया, पुठ्ठ्याच्या गठड्या, टायरांचे ढीग आणि वरून ताडपत्री. तो माल आला कुठून, रिकामा होणार कुठे आणि तिथे त्याचे काय होणार, याचा पत्ता रस्त्याकडेच्या माणसाला लागत नाही.

या मालाची सुरुवात बहुतेक वेळा आपल्याच दारातून होते. गावोगाव फिरणारा भंगारवाला मोडकी बादली, ठिबकच्या जुन्या नळ्या, गंजलेला पत्रा, जळालेल्या मोटारीचे वायंडिंग, मुलांच्या वह्यांची रद्दी घेतो. तालुक्याच्या गोदामात लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, पुठ्ठा वेगवेगळे होतात. पुढे लोखंड भट्टीत, पुठ्ठा कागद गिरणीत आणि प्लॅस्टिक दाणे पाडणाऱ्या कारखान्यात जाते. कचरा वेचणाऱ्या बाया आणि फेरीवाले यांच्या हातांवर हा व्यवसाय उभा आहे. त्यांना ना विमा, ना हातमोजे. तरीही गावातले बरेचसे निरुपयोगी सामान पुन्हा उपयोगाला लागते ते त्यांच्यामुळे.

पण त्या भट्ट्यांची आणि गिरण्यांची भूक आपल्या दारातल्या भंगाराने भागत नाही. म्हणून दुसरीकडूनही माल येतो. युरोप, अमेरिका, आखाती देश इथले टाकाऊ लोखंड, रद्दी, टायर, तेल, धातूंचा चुरा कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवा, मुंद्रा, चेन्नई अशा बंदरांत उतरतो. तिथून तो ट्रकवर चढतो आणि कुठल्या तरी तालुक्यातल्या कुठल्या तरी गावाच्या शिवेवर पोहोचतो. या व्यापारात बंदरात काय होते याची चर्चा अधूनमधून होते. शिवेवरच्या गावात काय होते याची चर्चा स्फोट झाल्यावरच होते.

प्रवरेकाठचे परदेशी खापर

नेवाशाला परदेशी मालाचे नवल नाही. पैस खांबासाठी येणारे वारकरी ज्ञानेश्वरांचे नेवासे जाणतात. त्याच गावाला प्रवरेकाठी लाडमोडचे टेकाड आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे उत्खनन केले. अश्मयुगापासूनचे थर त्यात उलगडले. सातवाहनकाळाच्या थरात रोमन व्यापाराच्या खुणा सापडल्या आणि त्यांत भूमध्य समुद्राकाठच्या ॲम्फोरांची खापरे होती. दोन मुठींच्या, निमुळत्या बुडाच्या या कुंभांतून दारू आणि तेल समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरत असे आणि घाट चढून पैठणच्या परिसरात पोहोचत असे.

त्या काळी भरलेला कुंभ यायचा. कोणाला तरी तो हवा असायचा, म्हणून त्याची किंमत मोजली जायची. मोडल्यावर उरलेले खापर दोन हजार वर्षे मातीत पडून राहिले आणि कोणाच्या विहिरीला त्याचा अपाय झाला नाही. आज त्याच समुद्रावरून जे येते, त्यातला काही भाग पाठवणाऱ्याला नकोसा झालेला असतो. तो आपल्या देशात ठेवायचा म्हटला तर जाळायला, पुरायला, स्वच्छ करायला मोठा खर्च येतो. तो खर्च वाचवण्याची किंमत त्या मालाच्या प्रवासात मिसळलेली असते.

जालन्याची सळई

या व्यापाराला सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. जालन्याचा पोलाद उद्योग त्याची साक्ष देतो. गोदावरीपलीकडच्या या शहरात भंगार आणि स्पंज लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून बांधकामाच्या सळया होतात आणि महाराष्ट्रभरच्या स्लॅबमध्ये पडतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणातला हिशेब असा की, एक टन भंगार वापरले की सुमारे १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. म्हणजे तेवढी खाण कमी खणावी लागते. अलीकडच्या वर्षांत भारत परदेशातून दरवर्षी एक कोटी टनांच्या आसपास लोखंडी भंगार आणतो. हे भंगार कोणी फुकट गळ्यात मारत नाही, कारखानदार ते पैसे मोजून मागवतात.

प्रश्न लोखंडाबरोबर जे येते त्याचा आहे. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशी भंगारात आलेले जिवंत तोफगोळे फुटले आणि दहा कामगार गेले. युद्धभूमीवरचे भंगार लोखंडाच्या भावात विकले गेले होते. त्यानंतर देशभरच्या बंदरांत आणि कारखान्यांत अशाच कुप्या, गोळे सापडत राहिले. मग सरकारने भंगार जहाजावर चढण्यापूर्वीच तपासल्याचा दाखला सक्तीचा केला आणि पुढे बंदरांच्या दारांत किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे आली.

त्या यंत्रांची गरज किती, हे २००८ मध्ये खोपोलीने दाखवून दिले. तिथल्या एका ओतकाम कारखान्यात भंगारातून आलेला कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ पोलादात मिसळला. त्या पोलादाची लिफ्टची बटणे बनली आणि फ्रान्सला गेली. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने जाहीर केले की, बटणे जोडणाऱ्या कारखान्यातल्या सुमारे वीस कामगारांना मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग पोहोचला आहे. शेकडो लिफ्टमधली बटणे काढून टाकावी लागली. फ्रान्समध्ये कामगारांना किती मात्रा मिळाली याचा आकडा जगाला कळला. खोपोलीच्या भट्टीपाशी तो पदार्थ उचलणाऱ्या, कापणाऱ्या, वितळवणाऱ्या हातांची गोष्ट त्या मानाने कोणी सांगितली नाही.

न्हावा शेव्याचे १३३ कंटेनर

१९८९ हे या गोष्टीतले महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी २२ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवरचा करार संमत झाला. मे महिन्यात न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. जुलैमध्ये भारताने घातक कचऱ्याबद्दलचे आपले पहिले नियम काढले. दार आणि दाराची कडी एकाच वर्षी बसली.

कडी किती पक्की आहे याची परीक्षा पुढच्या दहा-पंधरा वर्षांत झाली. १९९५ मध्ये रिसर्च फाउंडेशन फॉर सायन्स, टेक्नॉलॉजी अँड नॅचरल रिसोर्स पॉलिसी या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की, करार असूनही घातक कचरा देशात येतो आहे. १९९७ मध्ये न्यायालयाने भौतिकशास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. समितीने बंदरे, गोदामे, कारखाने पाहिले आणि जागोजागी बेवारस पडलेल्या मालाची नोंद घेतली. त्यात न्हावा शेव्याचे १३३ कंटेनर होते. आयातदार पंधरा. कागदोपत्री माल वंगण तेल. प्रयोगशाळेत तपासल्यावर निघाले टाकाऊ, घातक तेल.

इंजिनांतून, यंत्रांतून, रोहित्रांतून निघालेल्या तेलात जड धातू आणि विषारी रसायने उतरलेली असतात. परदेशात त्याची विल्हेवाट लावायला पैसे मोजावे लागतात. इकडे तेच तेल स्वस्त भट्टीतेल म्हणून किंवा नव्या तेलात भेसळ करून विकता येते. दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांचा फायदा आणि त्या फायद्याचा धूर तिसऱ्याच्या छातीत, असा हा सौदा.

१४ ऑक्टोबर २००३ रोजी न्यायालयाने या याचिकेवर सविस्तर आदेश दिले. बंदरांत प्रयोगशाळा हव्यात, बेकायदा माल आणणाऱ्यावर कारवाई हवी, घातक कचरा कुठे साठवला आणि हाताळला जातो हे लोकांना कळले पाहिजे. कंटेनरांचे काय करायचे हा प्रश्न उरला. परत पाठवावे, प्रक्रिया करावी की जाळून नष्ट करावे? ५ जानेवारी २००५ च्या आदेशात न्यायालयाने या आदेशांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख समितीची शिफारस मान्य केली. तेल योग्य भट्टीत जाळून नष्ट करायचे आणि खर्च आयातदारांनी द्यायचा. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे लागू झाले.

हा विजय होता आणि त्याचे श्रेय वर्षानुवर्षे कागदपत्रे काढणाऱ्यांना आहे. पण त्यातली एक गोष्ट मनाला लागते. माल पाठवणाऱ्या देशांना तो परत घ्यावा लागला नाही. ते विष शेवटी इथल्याच आकाशाखाली जाळायचे ठरले.

विचारल्याशिवाय पाठवू नये

बाझल करार आकाशातून पडला नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराची सुमारे चौदा हजार टन राख घेऊन ‘खियान सी’ नावाचे जहाज निघाले. बंदरामागून बंदराने त्याला नकार दिला. शेवटी त्याने हैतीत गोनाईवजवळ हजारो टन राख खत म्हणून उतरवली आणि उरलेली समुद्रात टाकली. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको गावात एका शेतकऱ्याच्या जागेत इटलीतून आलेले विषारी कचऱ्याचे पिंप सापडले. या घटनांच्या संतापातून करार झाला. तो ५ मे १९९२ रोजी अमलात आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारताने त्याला मान्यता दिली. अमेरिकेने सही केली, मान्यता मात्र आजतागायत दिलेली नाही.

कराराचा गाभा साधा आहे. घातक कचरा पाठवण्यापूर्वी पाठवणाऱ्या देशाने घेणाऱ्या देशाला लेखी विचारायचे. काय आहे, किती आहे, कुठे जाणार, तिथे त्याचे काय करणार हे सांगायचे. होकार आल्यावरच माल हलवायचा. श्रीमंत देशांनी गरीब देशांकडे घातक कचरा पाठवूच नये अशी दुरुस्ती नंतर झाली. ती अमलात यायला ५ डिसेंबर २०१९ उजाडले. प्लॅस्टिक कचऱ्याचा बराच भाग २०२१ पासून आणि सगळा इलेक्ट्रॉनिक कचरा २०२५ पासून या पूर्वसंमतीच्या चौकटीत आला.

या सुधारणांना गती दिली ती चीनने. १९९२ पासून जगात निर्यात झालेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी सुमारे ४५ टक्के एकट्या चीनने घेतला होता. १ जानेवारी २०१८ पासून त्याने चोवीस प्रकारच्या कचऱ्याला दार बंद केले. मग तो कचरा मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया आणि भारताकडे वळला. भारताचे २०१६ चे नियम कागदावर कडक आहेत. निव्वळ विल्हेवाटीसाठी कचरा आणायला बंदी आहे. परदेशी घरगुती कचरा, पुन्हा वापरायचे जुने टायर, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणायला मनाई आहे. विशेष आर्थिक क्षेत्रांना प्लॅस्टिक आणण्याची जी वाट मोकळी होती, तीही मार्च २०१९ मध्ये बंद झाली.

तरी प्लॅस्टिक रद्दीच्या आडून येत राहिले. परदेशी रद्दीच्या गठड्यांत पिशव्या, वेष्टने, कुरिअरची पाकिटे दाबलेली असतात. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांत ती रद्दी आली, कागदाचा लगदा झाला आणि उरलेले प्लॅस्टिक स्वस्त जळण म्हणून गुळाच्या गुऱ्हाळांखाली गेले. पत्रकारांनी तिथल्या ढिगांत परदेशी कंपन्यांची पाकिटे शोधून काढली. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला हे वाचून काय वाटेल हे वेगळे सांगायला नको. रस उकळणाऱ्या काहिलीखाली परक्या देशाच्या पिशव्या जळत होत्या आणि तो धूर गुऱ्हाळावरच्या मजुरांनी घेतला.

वाड्याची भट्टी

महाराष्ट्रात आज या व्यापाराचे सर्वांत दाहक रूप पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात दिसते. आदिवासी वस्तीच्या या तालुक्यात जुने टायर वितळवणारे कारखाने आहेत. टायर बंद पिंपासारख्या मोठ्या भांड्यात भरायचे, हवा न देता खालून ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवायचे. त्यातून काळे जळाऊ तेल, वायू, काजळी आणि पोलादी तार निघते. तेल भट्ट्यांना विकले जाते, तार भंगारात. काजळी हवेत, पानांवर, ओढ्यात आणि कामगाराच्या फुप्फुसात उतरते. भांडे पुरते थंड होण्याआधी उघडले किंवा वायू कोंडला, की स्फोट.

जानेवारी २०२५ मध्ये तसा स्फोट झाला. दोन स्त्रिया आणि दोन मुले मरण पावली. बीबीसीच्या वार्ताहरांनी नंतर शोधले तेव्हा या कारखान्यात युरोपातून आलेले टायर वितळवले जात होते असे दिसले. आसपास काळवंडलेली झाडी आणि काळे ओढे होते. गावकरी सततच्या खोकल्याच्या आणि डोळ्यांच्या तक्रारी सांगत होते. स्फोटानंतर प्रशासनाने सात कारखाने बंद केले. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे पाच कोटी टायर टाकाऊ होतात आणि त्यातले जवळपास निम्मे भारतात येतात. कागदोपत्री ते मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया कारखान्यांत जातात. उद्योगातल्याच जाणकारांचा अंदाज असा की, त्यातले सुमारे सत्तर टक्के अशा कच्च्या भट्ट्यांत पोहोचतात.

आणि हे सगळे बंदी असताना. टायर वितळवून तेल किंवा काजळी काढण्यासाठी परदेशी टायर आणायला जुलै २०२२ च्या नियमदुरुस्तीने मनाई केलेली आहे.

नियम असून हे घडते कसे? बंदरात कागद तपासला जातो. त्यावर आयातदाराचे नाव, मालाचा प्रकार आणि मान्यता असलेल्या कारखान्याचा पत्ता असतो. कागद बरोबर असला की माल सुटतो. बाहेर पडल्यावर तो एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो. लंडनपासून मुंद्र्यापर्यंतचा हजारो मैलांचा प्रवास नोंदलेला असतो. बंदरापासून भट्टीपर्यंतचा टप्पा अंधारात जातो. लंडनने माल पाठवला, दिल्लीने अटी घातल्या. पण ज्या पाड्याच्या ओढ्यात काजळी उतरणार होती, त्या पाड्याला कोणी काहीच विचारले नाही.

शेवटचे गाव

मला या सगळ्यातून एकच गोष्ट मांडायची आहे. विचारल्याशिवाय पाठवू नये, हे तत्त्व देशाच्या सीमेवर थांबून चालणार नाही. ते माल जिथे फोडला, जाळला, वितळवला जातो त्या गावाच्या ग्रामसभेपर्यंत यायला हवे.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने आपल्याच साखर कारखान्यांचा कारभार पाहावा. सोनई किंवा भेंडे इथल्या काट्यावर आलेल्या प्रत्येक वाहनातला ऊस कुणाचा, कुठल्या गटातला, लागण कोणती, तोड कुणी केली, वजन किती, हे चिठ्ठीवर असते. शेतकऱ्याच्या फडापासून गव्हाणीपर्यंत उसाचा माग ठेवता येतो, कारण त्यावर पैसे ठरतात. ज्या मालावर माणसांची फुप्फुसे आणि विहिरी ठरतात, त्याचा बंदरापासून भट्टीपर्यंत माग ठेवता येत नाही, हे कारण आता पटण्यासारखे नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. परदेशी टाकाऊ माल कुठल्या कारखान्यात, किती, कुठल्या देशातून आला याची यादी त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावी. माल कारखान्यात पोहोचला याची पोच बंदराला परत गेल्याशिवाय त्या आयातदाराचा पुढचा कंटेनर सुटू नये. तपासणीचा खर्च आयातदाराकडून घ्यावा. चुकीचा माल निघाला तर तो इथे जाळण्याआधी पाठवणाऱ्या देशाने परत न्यावा, यासाठी सरकारने आग्रह धरावा. बाझल करारातच बेकायदा माल परत घेण्याची तरतूद आहे. कच्च्या टायर भट्ट्या वस्तीपासून दूर नेऊन भागणार नाही, त्या बंदच व्हायला हव्यात. आणि परदेशाची रद्दी मागवण्याआधी आपल्या गावातली रद्दी, टायर, ठिबकच्या नळ्या नीट गोळा कराव्यात. त्या गोळा करणाऱ्याला ओळखपत्र, हातमोजे आणि रास्त भाव मिळावा.

नेवासे तालुक्याने यात मागे का राहावे? जालन्याजवळच्या ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. कंटेनर समुद्रकिनारी न उघडता आत मराठवाड्यात उघडावा, हा त्याचा हेतू. उद्योगासाठी ते चांगलेच आहे. पण त्यामुळे परदेशी मालाचे सील तुटण्याची जागा आपल्या शेतांच्या जवळ येणार आहे. आज समृद्धी महामार्गाने बरीच वाहतूक उचलली असली, तरी प्रवरासंगमच्या पुलावरून जाणारा माल थांबलेला नाही. गोदावरी-प्रवरेचे पाणी आणि जायकवाडीचा फुगवटा याच तालुक्यात आहे. उद्या एखाद्या माळरानावर टायरची भट्टी उभी राहिली, तर तिचे तेल आधी ओढ्यात, मग नदीत, मग धरणात आणि शेवटी मराठवाड्याच्या नळात जाईल.

वाड्याच्या त्या चौघांना कोणी आधी विचारले असते, तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ते उत्तर देण्याचा अधिकार प्रत्येक गावाला कायद्याने मिळाला पाहिजे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. आपल्या शिवारात भंगार, टायर किंवा जुन्या तेलाचा कारखाना असेल तर त्याच्या मान्यतेची प्रत आणि येणाऱ्या मालाचा देश मागावा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. उत्तर आले तर ते चावडीवर वाचावे, न आले तर अपील करावे. न्हावा शेव्याचे कंटेनर एका याचिकेने आणि कागदांच्या चिवट पाठपुराव्याने उघडले गेले. गावाच्या शिवेवरचे दारही त्याच मार्गाने उघडेल, आणि तो पाठपुरावा गावानेच करायचा आहे.